वाढत्या अंगाची सायकल

आमच्या शाळेत येऊन तुम्ही माझं नाव विचारलंत, तर पहिली-दुसरीची पोरं गोंधळतील. 'सायकलवाल्या बाई कुठं आहेत?' असं विचारा, हाताला धरून थेट माझ्या वर्गात आणून सोडतील.

मुलांनो, मी सोलापूरची. घर सात रस्त्याजवळ आणि शाळा पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढं. रोजचं जाणं-येणं सायकलवर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्या शाळेत गाड्या लावायच्या जागेत सगळ्या स्कूटर आणि मोटारसायकली असतात, आणि भिंतीला टेकून एकटी माझी सायकल. एकदा पालकसभेला आलेल्या एका आजोबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, पगार वेळेवर होत नाही का?"

"होतो की आजोबा. मला सायकल चालवायला आवडतं, म्हणून चालवते."

त्यांना ते काही पटलं नाही. जाताना पुन्हा एकदा सायकलकडं आणि एकदा माझ्याकडं बघून गेले.

ही आवड मला माझ्या आजोबांकडून आली. ते गिरणीत कामाला होते. त्या वेळी सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा झाला, पाळी सुटली, की फाटकातून माणसं आणि सायकली एकदमच बाहेर पडायच्या, असं ते सांगायचे. आजोबा धोतर नेसत. निघण्याआधी सोगा वर खोचायचे, उजव्या पायाशी धोतर गुंडाळून त्यावर लोखंडी क्लिप लावायचे, मगच पायडलवर पाय. उजव्याच पायाला का? तर सायकलची चेन उजव्या बाजूला असते. तुमच्या घरातल्या सायकलकडं जाऊन बघा, मी थांबते.

बघितलंत? आजोबा म्हणायचे, "सायकलवर बसायच्या आधी माणसानं स्वतःला बांधून घ्यावं." आम्हा सोलापूरकरांना हे लवकर समजतं. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तिच्यात सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. ते उंच आणि जड ध्वज पेलणारे लोक पांढरी बाराबंदी घालतात. बारा बंदांनी अंगाशी बांधलेला तो अंगरखा. ध्वज पेलताना कपडा सुटून चालत नाही, वाऱ्यानं फडफडून चालत नाही. सायकलवाल्याचं काम त्याहून कितीतरी हलकं, पण कपड्याची अट तीच.

मी साडी नेसून सायकल चालवते, पंजाबी ड्रेस घालूनही चालवते. साडीला मागच्या चाकावर जाळी हवी आणि चेनवर पूर्ण झाकण. पदर कमरेला घट्ट खोचलेला. खरं तर आमच्या आजीची नऊवारी सायकलला सहावारीपेक्षा बरी, कारण कासोट्यामुळं दोन्ही पाय मोकळे. आजीला कुणी सायकल शिकवली नाही, ही गोष्ट वेगळी. सगळ्यांत वाईट ओढणी. ती हलकी असते, मागं उडते आणि चाकात गेली की एका क्षणात आवळते. चाक थांबतं, गळ्याला फास बसतो. म्हणून ओढणी एका खांद्यावरून तिरपी आणून कमरेला दोन गाठी मारायच्या. आमच्या वर्गातल्या मुलींना मी हे गणिताच्या आधी शिकवते.

मुलांनी हसू नये. तुमच्या पँटचं काय? जूनमध्ये नवी पँट शिवली की ती 'वाढत्या अंगाची' असते. खाली चार बोटं जास्त. आई दुमडून टाके घालते, ऑगस्टपर्यंत टाके सुटतात आणि दुमड नेमकी चेनमध्ये जाते. तीच गोष्ट बुटाच्या नाडीची. आणि डबा हँडलला अडकवू नका. वळताना तो झुलतो आणि पुढच्या चाकाच्या तारांत शिरतो. दप्तर दोन्ही खांद्यांवर, डबा दप्तरात.

या 'वाढत्या अंगाची' या शब्दावरूनच मला आज तुम्हांला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तिचं नाव सांगत नाही. "माझं नाव नका लिहू बाई," असं तिनं बजावलंय.

गेल्या वर्षी ती माझ्याकडं चौथीत होती. वाचन स्वच्छ, उत्तर चुकलं तरी हात पहिला वर. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी तिला जी शाळा हवी होती ती लांब, सायकलनं वीस मिनिटांवर. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. तुम्हांला कदाचित माहीत नसेल, पण सोलापुरात चादरी आणि टॉवेलांसारखेच शाळेचे गणवेशही मोठ्या प्रमाणात शिवले जातात आणि दूरदूरच्या राज्यांत जातात. तुम्ही आता अंगावर घातलेला सदराही कदाचित आमच्या गावात शिवलेला असेल.

निकालाच्या दिवशी आई आली. म्हणाली, "रिक्षाला महिन्याचे पैसे कुठनं आणू बाई? यंदा ऱ्हाऊ दे घरी. धाकट्याला बघंल. पुढच्या वर्षी बघू."

पालकांनो, हे वाक्य आम्हा शिक्षकांना फार वेळा ऐकावं लागतं. एक वर्ष घरी थांबलेली मुलगी पुन्हा शाळेत येतेच असं नाही. ती शेजारी उभी होती. निकालपत्राची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती.

मी विचारलं, "घरात सायकल नाही का?"

होती. तिच्या मामांची. मामा मागावर कामाला जायचे तेव्हाची, काळी, मोठी, मध्ये दांडी असलेली. सीट मुलीच्या छातीपर्यंत यायचं. मामा म्हणाले होते, "वाढत्या अंगाची आहे. दोन वर्षांत बरोबर बसंल बघा." तोपर्यंत ती दांडीखालून एक पाय पलीकडं घालून हाफ पायडल मारत गल्लीत फिरायची. गल्लीत ठीक आहे. पण हाफ पायडल मारताना सगळं अंग एका बाजूला कललेलं असतं. ब्रेक दाबायला बोटं पुरत नाहीत आणि थांबायचं म्हटलं की उडीच मारावी लागते. ट्रक-बसच्या रस्त्यावर ते चालणार नाही.

कपडा मोठा झाला तर दुमडता येतो. सायकल दुमडता येत नाही. पालक मला विचारतात, "बाई, कुठली कंपनी घेऊ?" मी म्हणते, कंपनीचं नंतर बघा, आधी मुलाला दुकानात घेऊन जा. सायकलशेजारी उभं करा. सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला यावं. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. शिकाऊ मूल असेल तर पूर्ण तळवे टेकू देत. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. ताठ झाला तर सीट उंच, फारच वाकला तर सीट ठेंगणं. आणि बोटं ब्रेकपर्यंत सहज पोचतात का, हे बघायचं. हे शेवटचं कुणीच बघत नाही. सगळे घंटीच वाजवून बघतात.

आमच्या रस्त्यावर पंक्चरवाले एक चाचा बसतात. त्यांच्याकडं मामांची सायकल नेली. चाचांनी ती बदल्यात घेतली आणि वर थोडे पैसे घेऊन एक जुनी, लहान, दांडी नसलेली सायकल दिली. चाकांचे छर्रे नवे, ब्रेकची रबरं नवी, मागं लाल काच. मामा आठवडाभर नाराज होते. त्यांच्या मते चांगली मर्दानी सायकल गेली.

त्यावर मी त्यांना पुदुकोट्टईची गोष्ट सांगितली. तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवायची मोहीम निघाली. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, दवाखान्यांत काम करणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली कमी पडल्या, तर त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. आणि कित्येकींना त्याच जास्त आवडल्या! कारण मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं. साडी नेसून, पोराला पुढं घेऊन, मागं पाण्याची भांडी बांधून त्या निघाल्या. मामा म्हणाले, "मग आपली दांडीची कशाला दिली?" या प्रश्नाला 'तुमची भाची दहा वर्षांची आहे' एवढंच उत्तर होतं.

सायकल झाली. राहिला रस्ता आणि राहिला स्कर्ट.

रस्त्याचा अभ्यास आम्ही मे महिन्यात शाळेच्या पटांगणात केला, सकाळी आठच्या आत. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. उन्हात उभ्या केलेल्या सायकलचं सीट असं तापतं, की त्यावर ओला नॅपकीन टाकल्याशिवाय बसता येत नाही. ट्यूबमधली हवाही तापून फुगते. म्हणून चाचा उन्हाळ्यात चाकात गच्च हवा भरत नाहीत आणि सायकल सावलीत लावायला सांगतात.

तर पटांगणात मी खडूनं एक मोठा ट्रक आखला. पुढं उजव्या कोपऱ्यात खुर्ची ठेवली. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो. खुर्चीवर एकाला बसवलं, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागं पत्र्याऐवजी फळे आणि बाकं उभी केली. मग बाकीच्या पोरांना ट्रकभोवती उभं केलं आणि चालकाला विचारलं, "कोण कोण दिसतंय? नावं घे."

त्यानं समोर लांब उभ्या असलेल्यांची नावं घेतली. उजवीकडच्या दोघांची घेतली. अगदी नाकासमोर खाली बसलेला त्याला दिसला नाही. आणि डावीकडं दाराला चिकटून उभ्या असलेल्या पाच जणांपैकी एकही दिसला नाही. खऱ्या ट्रकला आरसे असतात, तरीही डाव्या कुशीतला मोठा भाग आंधळाच राहतो. त्यातच ट्रक डावीकडं वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. म्हणजे आपण जिथं 'जागा आहे' म्हणून घुसतो, नेमकी ती जागा मिटते.

मग प्रत्येकानं एकदा खुर्चीवर बसून बघितलं. ती बसली, तिनं बघितलं आणि उठून म्हणाली, "म्हंजे त्याची चूक नसतीच की बाई. त्याला दिसतच न्हाई." कधी कधी चूक असतेही, पण तेव्हा मी तिला अडवलं नाही.

बाकीचे नियम तुम्हांला पाठ असतील. डाव्या बाजूनं चालावं. दोघं मित्र असाल तर एकामागं एक, गप्पा शाळेत गेल्यावर. वळायच्या आधी मागं बघावं, मग हात दाखवावा. उजवीकडं वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, डावीकडं तर डावा. हात दाखवला म्हणजे रस्ता आपला झाला असं नाही, समोरच्यानं बघितलंय का ते त्याच्या डोळ्यांत बघावं. उभ्या रिक्षेपासून हातभर लांबून जावं, आतलं माणूस कधी उतरेल सांगता येत नाही. हेल्मेट असेल तर ते कपाळावर भुवयांच्या वर दोनच बोटं राहील असं बसवावं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. मागं सरकवलेलं हेल्मेट शोभेचं. आमच्या शाळेतल्या फार थोड्या मुलांना हेल्मेट परवडतं, हेही इथंच सांगते.

घंटीबद्दल मात्र माझं स्वतःचं मत आहे. घंटी एकदा, फार तर दोनदा. म्हातारं माणूस पुढं असेल तर घंटीपेक्षा तोंडानं सांगावं. आमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पुष्कळ घरं आहेत, तिथं 'जरगंडी' म्हणायचं. कन्नड बोलणाऱ्या आजी असतील तर 'दारी बिड्री'. मराठीत 'सरका की जरा, मावशी'. तिन्हींचा अर्थ एकच, पण ज्याच्या त्याच्या भाषेत सांगितलं की माणूस दचकत नाही. शांतपणे बाजूला होतो, वर हसतो. गाईला कुठल्याच भाषेत कळत नाही, तिथं आपणच थांबावं.

आणि सात रस्ता! नावाप्रमाणं तिथं सात रस्ते एकत्र येतात. संध्याकाळच्या गर्दीत मी तिथं सरळ सायकलवरून उतरते आणि हातात सायकल धरून चालत पलीकडं जाते. सायकल हातात धरून चालणारा हा पायी चालणाराच. लोक मागून हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

आता स्कर्ट. नव्या शाळेचा गणवेश म्हणजे प्लेटांचा स्कर्ट. दांडी नसलेल्या सायकलवरही तो वाऱ्यानं उडतो, सीटच्या टोकाला अडकतो. मुलीचा एक हात सतत स्कर्ट सावरण्यात जातो. आणि ज्या हातानं ब्रेक दाबायचा तोच हात गुडघ्यावर असेल तर काय उपयोग? आईची अडचण आणखी वेगळी होती. "चार माणसं बघत्यात बाई," ती म्हणाली. आत सायकलची चड्डी घाल म्हटलं तर उन्हाळ्यात पोरगी उकडून निघते.

एका रविवारी मी त्यांच्या घरी बसले होते. आई मशीनवर होती. मी तिला ॲनी लंडनडेरीची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली ही बाई, तीन लहान मुलांची आई. १८९४ सालच्या जूनमध्ये ती सायकलवरून जगप्रवासाला निघाली. तिचं खरं आडनाव कोपचोव्स्की. लंडनडेरी हे एका पाणी विकणाऱ्या कंपनीचं नाव. त्या कंपनीनं जाहिरातीसाठी पैसे दिले, म्हणून तिनं ते लावलं. निघाली तेव्हा अंगात पायघोळ झगा आणि सायकल जवळजवळ एकोणीस किलोंची. शिकागोपर्यंत जाताना तिचा जीव मेटाकुटीला आला. मग तिनं निम्म्या वजनाची सायकल घेतली आणि झगा टाकून घोळदार विजार चढवली. ब्लूमर म्हणतात तिला. अमेलिया ब्लूमर नावाच्या संपादिकेनं १८५१ साली या पोशाखाचा पुरस्कार केला, त्यावरून ते नाव पडलं. लोक हसले, नाकं मुरडली, पण १८९५ साली ॲनी प्रवास पुरा करून परत आली.

आईनं मशीन थांबवलं. "ती विजार तिला शिवून कुणी दिली?"

मी इतिहास सांगत होते आणि तिनं बरोबर तिच्या कामाचा प्रश्न विचारला. मी गप्प बसले. तिनं कपाटातून मुलीचा स्कर्ट काढला, जमिनीवर पसरला, प्लेटा मोजल्या. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग खडूनं मधोमध एक रेघ मारली.

आठ दिवसांनी स्कर्ट तयार झाला. उभं राहिलं की चांगला प्लेटांचा स्कर्ट. सीटवर बसलं की कळतं, आत दोन पाय आहेत. मधली शिवण समोरच्या मोठ्या प्लेटीखाली लपवलेली. उडायचा प्रश्न नाही, अडकायचा प्रश्न नाही. रोज शेकडो स्कर्ट शिवणाऱ्या हातांनी पहिल्यांदाच एक स्कर्ट स्वतःच्या मनानं शिवला होता.

पण शाळा काय म्हणेल? गणवेश म्हणजे गणवेश. जूनच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघी नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोर उभ्या होतो. त्यांनी चष्मा लावला. "उभी राहा. चाल. या स्टुलावर बस. ऊठ." मुलगी कवायत केल्यासारखी उठली-बसली. बाईंनी विचारलं, "रंग तोच?" मी म्हटलं, "ताग्यातलाच आहे." "लांबी?" "गुडघ्याखाली." मग त्या आईकडं वळल्या. "हा नमुना कागदावर काढून द्याल का? माझ्याकडं आणखी सात-आठ मुली सायकलवर येतात."

आईनं नमुना काढून दिला. तिचं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं, गोल आणि टपोरं.

दिवाळीनंतरची एक गोष्ट सांगते. ती संध्याकाळी माझ्या घरी आली. सायकल लावली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, आज चौकात ट्रक उभा व्हता. डाव्या बाजूला जागा व्हती. आमच्या शाळेची दोन पोरं गेली आत. मला पण 'चल' म्हणाली. मी मागंच थांबले." ट्रक वळला. पोरं ओरडली, सायकली सोडून फुटपाथवर उड्या मारल्या. एका सायकलचं पुढचं चाक चेपलं. पोरांना खरचटलं, बाकी काही नाही. ट्रकचे काका खाली उतरले तेव्हा त्यांचेच हात थरथरत होते. "दिसलीच न्हाईत हो, दिसलीच न्हाईत," एवढंच म्हणत होते.

"मी त्यांना म्हटलं," ती मला सांगत होती, "काका, खरंच दिसत न्हाई. मी बसले हुते खुर्चीवर."

ती अजूनही मोठ्या चौकात उतरून चालत जाते, कारण आईची ती अट आहे. आधी तिला मुलं चिडवायची. आता त्या दोघांपैकी एकजण तिच्यामागून सायकल ढकलत येतो. दुसरा अजून येत नाही.

या जूनमध्ये ती सहावीत गेली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आईनं स्कर्टची खालची दुमड दोन बोटं उसवून सोडली, आणि चाचांनी पान्यानं सीट दोन बोटं वर केलं.